रुई तेवढीच, गठाण लहान

गेल्या दिवाळीत मी वरवट बकालला थोरल्या भावाच्या घरी गेलो, तेव्हा फराळाच्या ताटावरच एक खटला माझ्यापुढे आला. फिर्यादी माझा पुतण्या आणि आरोपी घरातला जुना कॉम्प्युटर. त्याचे पोट काठोकाठ भरले होते.

"काका, जागाच नाई राह्यली. काई तरी काढाच लागते," पुतण्या म्हणाला, आणि मग जरा चाचरत, "आजीचं रेकॉर्डिंग लय मोठं हाय."

माझ्या हातातली चकली हातातच राहिली. आईला जाऊन सहा वर्षे झाली. त्याच्या आदल्या वर्षी तिला जात्यावर बसवून तिच्या ओव्या मी मुद्रित केल्या होत्या. चांगल्या तीन तासांच्या! त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मराठीचा प्राध्यापक म्हणवणाऱ्या माणसाचा हा हलगर्जीपणा. त्याची सबब सांगत नाही.

जागा अडवली होती ती खेळांनी. २००४ साली मुंबईच्या आत्येभावाने आपले जुने प्लेस्टेशन यंत्र आणि वीस तबकड्या आम्हा भावांना देऊन टाकल्या होत्या. यंत्र केव्हाच निकामी झाले, पण पुतण्याने तबकड्यांच्या प्रती कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. त्या खेळायला तो 'इम्युलेटर' वापरी. गावात बहुरूपी येतो, फौजदाराचा वेष घेतो आणि क्षणभर आपणही चपापतो ना? तसा हा कार्यक्रम प्लेस्टेशनचे सोंग घेतो आणि खेळाला वाटते, आपण आपल्याच यंत्रात आहोत.

"मग खेळच काढून टाक!" मी ठणकावले. त्याने मुकाट्याने तबकड्यांचा डबा आणून उघडला. बहुतेकांवर चरे पडलेले. दोन तर आता वाचल्याच जात नव्हत्या. म्हणजे त्यांच्याही शेवटच्या प्रती कॉम्प्युटरवरच होत्या. शिवाय ह्याच खेळांपायी मी आणि भाऊ कितीतरी रात्री जागलो होतो. पोराला कोणत्या तोंडाने बोलणार?

शेवटी उपाय त्यानेच काढला. तबकडीच्या प्रती दाबून लहान करता येतात, असे त्याने वाचले होते. त्या नमुन्याचे नाव सी.एच.डी. इटलीच्या निकोला साल्मोरिया याने १९९७ साली 'मेम' नावाचा प्रकल्प सुरू केला. नाणे टाकून खेळायची जुनी यंत्रे नामशेष होण्याआधी त्यांचे अंतरंग जपून ठेवावे, हा त्याचा हेतू. त्यातल्या काही यंत्रांत हार्ड डिस्क असे. तिच्यासाठी सी.एच.डी.चा जन्म झाला; पुढे तबकड्यांनाही तो उपयोगी पडला.

"पण दाबल्यावर खेळ बिघडणार नाही कशावरून?" मी विचारले. उत्तर भावाने दिले, तेही कॉम्प्युटरला कधी हात न लावता. "जिनात गठाण बांधतात, तवा रुई कमी होते का? हवा जाते फक्त."

वऱ्हाडच्या माणसाला ह्याहून चांगला दाखला कोणता? १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला, तोच मुळी कापसासाठी. डोंगराएवढी रुई दाबून तिची १७० किलोची आटोपशीर गठाण होते आणि पट्ट्या तोडल्या की रुई पुन्हा फुलते.

आता तबकडीतली 'हवा' कोणती, ते पाहू. सी.डी.वरची माहिती २,३५२ बाइटांच्या विभागांत लिहिलेली असते. खेळाच्या नेहमीच्या विभागात प्रत्यक्ष मजकूर २,०४८ बाइटांचा असतो. उरलेल्यांपैकी २७६ बाइट असतात ते चरा पडला तर चूक दुरुस्त करता यावी म्हणून. हे बाइट मजकुरावरूनच गणिताने काढलेले असतात, तेव्हा पुन्हाही काढता येतात. सी.एच.डी. ते गाळून ठेवतो आणि लागतील तेव्हा पुन्हा मांडतो.

दुसरी युक्ती तर आपल्या भजनाच्या वहीतलीच आहे. ध्रुपद एकदाच लिहितात आणि पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसते 'ध्रु.' एवढेच. गाणारा मात्र पूर्ण गातो. झिव्ह आणि लेम्पेल ह्या दोघा संशोधकांनी १९७७ साली मांडलेली पद्धत हीच : आधी आलेला मजकूर पुन्हा आला, की तो न लिहिता मागच्या जागेकडे बोट दाखवायचे. गाण्यांच्या भागासाठी 'फ्लॅक' ही निराळी पद्धत असते. आणि सगळी तबकडी एकाच गाठोड्यात न बांधता आठ-आठ विभागांचे छोटे गठ्ठे करतात, म्हणजे खेळाला हवा तेवढाच गठ्ठा सोडता येतो.

आम्ही कामाला बसलो आणि पहिल्याच पावलाला ठेच लागली. मी हौसेने फायलींना मराठी नावे दिली होती. प्रत्येक खेळाच्या दोन फायली असतात : 'बिन' म्हणजे माल आणि 'क्यू' म्हणजे त्याची बिलटी. बिलटीवर जुनेच नाव राहिले, तेव्हा मालाचा पत्ता लागेना! नावे पूर्ववत केली आणि काम सुरळीत चालले. प्रत्येक सी.एच.डी.मध्ये आतल्या मजकुराचा एक ठसा नोंदलेला असतो. तो तपासून आणि खेळ एकवार चालवून पाहिल्यावरच आम्ही मोठी प्रत पुसली. सुमारे अकरा गिगाबाइटांचे सात झाले.

एक गोष्ट बजावून सांगतो. हे सारे आपल्या मालकीच्या तबकड्यांपुरते. १९८४ च्या दुरुस्तीपासून कॉम्प्युटरचे कार्यक्रमही कॉपीराइट कायद्याखाली आले आहेत. रीतसर आपल्याकडे असलेल्या कार्यक्रमाची बचावापुरती प्रत घ्यायला त्यात मुभा आहे. परक्याचा माल वाटायला नाही.

मग ओव्यांची पाळी आली. "एम.पी.थ्री करू, काका. लय लहान होते," पुतण्या म्हणाला. मी नको म्हटले. एम.पी.थ्री कानाला जाणवणार नाही असे समजून काही आवाज कायमचे टाकून देते. ती रुई पुन्हा फुलत नाही. ओव्यांच्या मागे जात्याची घरघर आहे, मध्येच आईने घेतलेला श्वास आहे. त्यातले टाकाऊ कोणते, हे यंत्राने का ठरवावे? आम्ही 'फ्लॅक' केले. आकार निम्म्यावर आला आणि एक स्वरही हरवला नाही. दोन प्रती काढल्या : एक माझ्याबरोबर निघाली, एक भावाच्या कपाटात राहिली.

संध्याकाळी पुतण्याने ओव्या लावल्या. भाऊ ओट्यावर पणत्यांत तेल घालत होता. तो आत आला, उंबऱ्यावर टेकला आणि म्हणाला, "ही ओवी तिनं तुह्या जन्माच्या वक्ताची सांगतली होती." मला ते ठाऊकच नव्हते.

वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा डबा माळ्यावर असेल. यंदाच्या साफसफाईत तो खाली काढा. तबकड्यांवरचे चरे दिवसेंदिवस वाढतच जातात.