लाकडी बैल बोलू लागतो तेव्हा

पोळ्याचा दुसरा दिवस विदर्भात लहान मुलांचा असतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीच्या पाठीवर झूल चढते, गळ्यात माळ पडते आणि त्याला दोरीनं ओढत मुलं घरोघरी बोजारा मागायला निघतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात, फुलसावंगीसारख्या कापूस-सोयाबीनच्या गावांत, हा दिवस मुलं वर्षभर विसरत नाहीत. मिरवणूक संपते, नंदी मात्र घरातच राहतो. पुढच्या दिवसांत मूल त्याच्याशी काय खेळतं, हे सहसा कोणी पाहत नाही.

समजा, पाच वर्षांचा एक मुलगा नंदीला खाटेखाली लपवतो, शोधून काढतो आणि पुन्हा लपवतो. ‘कुठं गेला होता?’ म्हणून त्याला दटावतो आणि लगेच पोटाशी धरतो. त्याचे वडील कामासाठी दूर गेले आहेत, कधी येतील ते घरात कोणी नीट सांगत नाही. मोठ्यांना वाटतं, पोरगं खेळतंय. खरं तर ते मनातलं सांगतंय.

लहान मुलाला भीती, राग, दुःख सगळं जाणवतं, पण त्यासाठी शब्द सापडत नाहीत. ‘मला काळजी वाटते’ असं चार वर्षांचं मूल म्हणत नाही. त्याचं पोट दुखतं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. ते आईचा पदर सोडत नाही, भावंडाला मारतं किंवा एकदम गप्प होतं. आपण त्याला हट्ट म्हणतो. पीक बुडालेलं घर, कर्जाची बोलणी, दारू, आजारपण, घरातला मृत्यू या गोष्टी मुलांपासून लपवल्या म्हणजे त्यांना कळत नाहीत, हा मोठ्यांचा समज आहे. मुलांना कारण कळत नसलं, तरी घरातला ताण कळतोच.

खेळ हीच भाषा

उघड बोलता येत नाही ते खेळातून बोलावं, ही युक्ती आपल्या मातीला नवी नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातल्या मुली भुलाबाई खेळतात. त्या गाण्यांतून सासरच्या तक्रारी आणि माहेरची ओढ हसतखेळत बाहेर पडते. खेळ आहे म्हणून कोणी रागावत नाही, आणि बोलणारीचं मन हलकं होतं.

मानसोपचारानं हीच गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीनं वापरली, तिला खेळोपचार म्हणजेच प्ले थेरपी म्हणतात. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड मुलांपुढे वाळूचा ट्रे आणि लहान खेळणी ठेवत आणि मुलं त्यात आपलं जग मांडत. अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यातली तत्त्वं आजही वापरात आहेत. मूल जसं आहे तसं स्वीकारायचं. खेळाची दिशा त्यानं ठरवायची. घाई करायची नाही. त्याच्या भावना ओळखून त्या शब्दांत त्याला परत द्यायच्या. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ नये यासाठी लागतील तेवढीच बंधनं घालायची.

वरच्या मुलाबरोबर बसलेली उपचारक म्हणून ‘बाबा कधी येणार असं तुला वाटतं का?’ असं खोदून विचारत नाही. ती म्हणते, ‘बैल हरवला की तुला फार राग येतो. सापडला की बरं वाटतं.’ आपल्याला कोणीतरी समजून घेतलं, हे मुलाला कळतं. हरवणं आणि सापडणं हा प्रसंग ते पुन्हा पुन्हा खेळतं. प्रत्यक्ष आयुष्यात ज्यावर त्याचं काहीच चालत नाही, त्यावर खेळात त्याचं चालतं. भीती हळूहळू आटोक्यात येते ती यामुळे.

बाजूला कोण बसलंय?

यात बैलाइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व बाजूला बसलेल्या माणसाचं आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. लहान मुलाला आईचा किंवा तिची जागा घेणाऱ्या व्यक्तीचा जिव्हाळ्याचा, सातत्याचा सहवास मिळणं मानसिक आरोग्यासाठी गरजेचं आहे, असं त्यांनी मांडलं. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आई-मुलांचं बारकाईनं निरीक्षण केलं. ज्या मुलाला हाकेला ओ मिळण्याची खात्री असते, ते आईपासून लांब जाऊन निर्धास्त खेळतं आणि घाबरलं की तिच्याकडे परत येतं. गुरं चरायला गेली तरी गोठा जागेवर असतो, तसंच हे आहे.

यासाठी पालक परिपूर्ण असावे लागत नाहीत. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत चांगलं नातं असलेल्या आई-बाळांचेही सूर सुमारे ३० टक्के वेळच जुळलेले आढळले. उरलेल्या वेळात चुकामूक होते आणि दोघं पुन्हा जुळवून घेतात. ही दुरुस्तीच नातं घट्ट करते. शेतातून थकून आलेली आई मुलावर ओरडली, तर सगळं बिघडलं असं नाही. नंतर जवळ घेऊन ‘मी उगाच ओरडले, तुझी चूक नव्हती’ एवढं म्हटलं तरी खूप होतं.

तज्ज्ञ दूर, अंगणवाडी जवळ

फुलसावंगीपासून यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभरेक किलोमीटरवर आहे. मुलांचे मानसतज्ज्ञ मोठ्या शहरांतही मोजकेच असतात. मग गावातल्या मुलांनी काय करायचं?

उत्तराचा एक भाग १९६० च्या दशकात मिळाला. अमेरिकेत बर्नार्ड आणि लुईझ गर्नी या दांपत्यानं पालकांनाच खेळोपचाराच्या पद्धतीनं मुलांशी खेळायला शिकवलं. २००५ मध्ये ९३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात खेळोपचाराचा फायदा दिसलाच, पण प्रशिक्षित पालकांनी तो केला तेव्हा परिणाम आणखी मोठा दिसला. कारण सोपं आहे. उपचारक आठवड्यातून एकदा भेटते, आई-आजी रोज असते.

दुसरा भाग जमैकातून आला. तिथं १९८० च्या दशकात साध्या आरोग्य कार्यकर्त्या आठवड्यातून एकदा कुपोषणानं खुंटलेल्या लहान मुलांच्या घरी जात आणि घरी बनवलेल्या खेळण्यांनी खेळायला आईला शिकवत. हे दोन वर्षं चाललं. ती मुलं बावीस वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात हिंसक वर्तन कमी दिसलं, आणि तशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची कमाई सुमारे २५ टक्के जास्त होती.

याच विचारावर आधारलेला ‘आरंभ’ हा कार्यक्रम यवतमाळ जिल्ह्यात आला. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, युनिसेफ आणि राज्याची एकात्मिक बालविकास सेवा योजना यांनी तो प्रथम यवतमाळ आणि औरंगाबाद या दोन जिल्ह्यांत राबवला. अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण मिळालं, गृहभेटींत खेळ आला आणि गावोगावी पालक मेळावे भरले. डबे, झाकणं, चिंध्या, बिया यांतून खेळ कसा उभा राहतो, हे आई-वडिलांनी तिथं पाहिलं. हा आजारावरचा उपचार नव्हे, मन आणि मेंदूची मशागत आहे. पण खेळ आणि नातं हे दोन्हीचे धागे सारखेच आहेत. महागाव-पुसदकडच्या बंजारा तांड्यांत मूल घरी गोरमाटी बोलतं आणि अंगणवाडीत मराठी ऐकतं. अशा मुलाशी नातं जोडायला खेळासारखी दुसरी वाट नाही.

रोज पंधरा मिनिटं

घरी करता येण्यासारखं बरंच आहे. दिवसातली दहा-पंधरा मिनिटं फक्त मुलासाठी ठेवा, मोबाइल बाजूला ठेवा. माती, पीठ, बाहुली, लाकडी बैल, भातुकली, जे असेल ते पुरतं. काय खेळायचं ते मूल ठरवील. शिकवू नका, चुका काढू नका, प्रश्नांचा भडिमार करू नका. दिसतं ते बोला, ‘बाहुली रडतेय, तिला भीती वाटतेय.’ आई-वडील कामासाठी बाहेर असतील तर ही वेळ आजी-आजोबांची. जाताना न सांगता निघून जाऊ नका. रडलं तरी चालेल, पण मुलाला सांगून, परत येण्याचा अंदाज देऊन जा. घरात कोणी गेलं असेल तर ‘देवाघरी झोपले’ असं गोलमोल न सांगता साध्या शब्दांत खरं सांगा. नाहीतर मूल झोपेलाच घाबरू लागतं.

काही गोष्टी मात्र घरी सुटत नाहीत. मूल कित्येक आठवडे खेळतच नसेल, खाणं-झोप बिघडली असेल, येत असलेलं बोलणं बंद झालं असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाची भाषा करत असेल, तर थांबू नका. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, त्यांना मूल दाखवा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर १०९८ वर कळवा. आणि घरातला मोठा माणूसच खचला असेल, तर आधी त्याला उपचार मिळवून द्या. तेही मुलासाठीच असतं.

खाटेखाली लपवलेला तो नंदी आज पुन्हा बाहेर येईल. तेव्हा कामाची घाई असली तरी घडीभर जमिनीवर बसा. मूल दोरी आपल्या हातात देईल. ती धरा, आणि ते नेईल तिकडे जा.