दुर्बिणीतून गुडघ्याचे ऑपरेशन : कोणाला हवे, कोणाला नको

गुडघ्याच्या पुढच्या भागात, वाटीच्या खालच्या कंडरेच्या (टेंडनच्या) दोन बाजूंना, अर्ध्या ते एक सेंटीमीटरचे दोन छेद घेतले जातात. एका छेदातून सुमारे 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण सांध्यात जाते, दुसऱ्यातून हत्यारे. सांधा सलाइनने फुगवलेला असल्याने आत पाहायला जागा मिळते. दुर्बिणीचे भिंग बहुधा 30 अंशांनी तिरके असते, त्यामुळे नळी नुसती फिरवली तरी कानाकोपरा दिसतो. चित्र पडद्यावर उमटते आणि सर्जन त्याकडे पाहत काम करतो. भूल बहुतेकदा कमरेतून दिली जाते. लोक याला ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात, डॉक्टरांच्या कागदावर ‘आर्थ्रोस्कोपी’ लिहिलेले असते.

या तंत्राची सुरुवात जपानमध्ये झाली. टोकियोच्या केंजी ताकागी यांनी 1918 मध्ये मूत्राशय तपासण्याची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ‘क्रमांक 21’ ही भरवशाची दुर्बीण घडवली आणि 1962 मध्ये गुडघ्यातील फाटलेल्या गादीचा (मेनिस्कसचा) तुकडा दुर्बिणीतून काढला. कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन ही विद्या जपानमध्ये शिकून गेले आणि पुढे ती जगभर पोहोचली.

आरंभी दुर्बिणीचा मुख्य उपयोग निदानासाठी होता. आता गादी व लिगामेंट यांचे बहुतेक निदान हाताने केलेली तपासणी आणि एमआरआय यांतून होते; केवळ ‘आत काय आहे ते पाहू’ म्हणून दुर्बीण घालण्याची गरज क्वचितच पडते. एक अपवाद मात्र आपल्याकडे महत्त्वाचा आहे. गुडघा महिनोन्‌महिने सुजलेला असेल आणि क्षयाची शंका असेल, तर सांध्याच्या अस्तराचा तुकडा दुर्बिणीतून काढून तपासता येतो. सांध्यात पू झाला असेल तर आतून धुऊन काढण्यासाठीही ती वापरतात, आणि तिथे उशीर चालत नाही.

खरा लाभ होतो तो दुखापतीत. कबड्डीत चढाईपटू झटक्यात वळतो, पाय मातीत रुततो आणि मांडी फिरते. ‘कट्’ असा आवाज येऊन काही तासांत गुडघा सुजला, तर पुढचे लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटल्याचा दाट संशय घ्यावा. तुटलेली टोके शिवून सहसा भागत नाही. मांडीच्या मागची किंवा वाटीखालची कंडरा घेऊन, हाडांत बोगदे पाडून, नवे लिगामेंट बसवावे लागते. मैदानात परतायला साधारण 9 महिने लागतात आणि त्यातला मोठा वाटा व्यायामाचा असतो. ऑपरेशन उत्तम झाले, पण फिजिओथेरपी सोडली, तर गुडघा आखडतो किंवा मांडी अशक्त राहते. प्रत्येक एसीएलला ऑपरेशन लागतेच असेही नाही. वळणे-उड्या नसलेले जीवन जगणाऱ्याचा गुडघा व्यायामाने सावरतो, मात्र चालताना पाय वारंवार दगा देत असेल तर ऑपरेशन लांबवू नये.

गुडघ्यातील गादीला बाहेरच्या सुमारे एक तृतीयांश भागातच चांगला रक्तपुरवठा असतो. फाट त्या भागात असेल तर टाके घालून ती जुळते. आतल्या भागातली फाट बहुधा जुळत नाही, म्हणून सुटा तुकडा छाटतात. छाटल्यावर रुग्ण लवकर चालू लागतो. टाके घातले तर काही आठवडे जपून चालावे लागते आणि कित्येक महिने उकिडवे बसता येत नाही. तरी गादी वाचवणे केव्हाही चांगले, कारण गादी गेलेला सांधा लवकर झिजतो. फाटलेला तुकडा मध्ये अडकून गुडघा सरळच होईना, तर लवकर ऑपरेशन करणे हिताचे.

वयपरत्वे झिजलेल्या गुडघ्यांची गोष्ट वेगळी. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात, डोंगरकडा गावाच्या परिसरात हळद, केळी आणि ऊस या पिकांत निंदणी, काढणी, वाहतूक करताना वर्षानुवर्षे उकिडवे बसणे व ओझे वाहणे चालते. साठीत गुडघा दुखतो, एमआरआयमध्ये ‘गादी फाटली’ असे दिसते आणि दुर्बिणीचे ऑपरेशन सुचवले जाते. मात्र 2002 मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या 180 रुग्णांच्या अभ्यासात काहींवर खरे ऑपरेशन झाले, तर काहींना केवळ त्वचेवर छेद दिले गेले. दोन वर्षांनंतरही दोन्ही गटांच्या वेदनेत फरक दिसला नाही. फिनलंडमधील 2013 च्या अभ्यासात गादी छाटण्याबाबतही असेच आढळले. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गटाने झिजेच्या गुडघ्यांसाठी हे ऑपरेशन करू नये, अशी ठाम शिफारस केली. अशा गुडघ्याला मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, वजन कमी करणे, काठी आणि गरजेपुरत्या वेदनाशामक गोळ्या अधिक उपयोगी पडतात. झीज फार वाढल्यास सांधेबदल.

धोके कमी असले तरी आहेत : जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ, सांध्याचा ताठरपणा. ऑपरेशननंतर ताप येणे, पोटरी दुखून सुजणे किंवा छेदातून पू येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

डोंगरकडा परिसरासाठी नांदेड हे जवळचे मोठे वैद्यकीय केंद्र आहे; तेथील विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणते ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसते, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे आधीच विचारावे. आणि सल्ला मिळाल्यावर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर करावा : हे दुखणे दुखापतीचे आहे की झिजेचे?