टेबलावरचं ला ए सँत

ब्रसेल्सहून शार्लरुआला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ला ए सँत नावाचा एक शेतवाडा आहे. मधे अंगण, एका बाजूला घर, दुसरीकडे गोठा आणि कोठार, सगळ्याला भिंत. 17 जून 1815 च्या रात्री धो धो पाऊस पडत होता. वाड्यात मुक्कामाला आलेल्या भिजलेल्या सैनिकांनी कोठाराचा शेताकडचा मोठा दरवाजा उखडला आणि शेकोटीत घातला. दुसऱ्या दिवशी वॉटर्लूची लढाई पेटली, तेव्हा मेजर गेओर्ग बारिंगच्या जर्मन शिपायांना त्याच भगदाडात उभं राहून फ्रेंचांना थोपवावं लागलं. भिंतीत जंग्या पाडायला बारिंगकडे माणसं नव्हती. कुदळी-पहारीवाले आदल्या दिवशीच ऊगूमाँच्या वाड्याकडे पाठवून दिलेले. कोठार पेटलं तेव्हा नासाउ या जर्मन संस्थानाच्या सैनिकांकडच्या हंड्यांनी पाणी आणून ते विझवलं. संध्याकाळी काडतुसं संपली आणि वाडा पडला. सुमारे 400 शिपायांपैकी चाळीसेक बारिंगबरोबर मागे परतले.

टेबलावर शिशाच्या किंवा प्लास्टिकच्या सैनिकांनी लढाया खेळणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींना हा वाडा तोंडपाठ असतो. खेळ जुना आहे. एच. जी. वेल्सने 1913 साली ‘लिट्ल वॉर्स’ हे छोटं पुस्तक लिहून त्याचे नियम घालून दिले. त्याची घरं लाकडी ठोकळ्यांची आणि झाडं बागेतून तोडलेल्या डहाळ्यांची होती. आज दुकानात सगळं तयार मिळतं. एअरफिक्सने 1970 च्या दशकातच ला ए सँतचा प्लास्टिकचा संच काढला होता. तरीही पुठ्ठा, फोम आणि आइस्क्रीमच्या काड्या घेऊन हाच वाडा मुळापासून उभारणारे काही संपत नाहीत. या कामाला ते ‘स्क्रॅच-बिल्ड’ म्हणतात.

यातलं खरं कसब कटर चालवण्यात नाही, मापात किती आणि कुठे खोटं बोलायचं हे ठरवण्यात आहे.

सर्वांत चालणारा आकार 28 मिलिमीटरचा. हे माप बहुधा तळपायापासून डोळ्यांपर्यंत धरतात, म्हणजे प्रमाण साधारण 1:56 पडतं. या प्रमाणात दोन मीटरचा दरवाजा 36 मिलिमीटरचा होतो. पण आपला शिपाई दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकतीवर उभा असतो आणि डोक्यावर उंच शाको टोपी असते. बरोबर मापाच्या दारापुढे तो उभा केला की घर त्याला तोकडं झाल्यासारखं दिसतं. म्हणून जाणता कारागीर दार 40 मिलिमीटरच्या आसपास नेतो. उंबरा मात्र तो काढूनच टाकतो.

उंची वाढवायची आणि लांबी-रुंदी चोरायची, असा हा उलटा हिशेब आहे. सहा फुटांचं टेबल 1:56 मध्ये जेमतेम 102 मीटर भरतं. वॉटर्लूची रणभूमी किलोमीटरांत मोजावी लागते आणि एक किलोमीटर म्हणजे या प्रमाणात जवळजवळ 18 मीटर. तेवढी खोली कुणाच्या घरात असणार? त्यामुळे खेळाचे नियम जमिनीसाठी वेगळंच, कितीतरी बारीक प्रमाण धरतात. वाडा खऱ्या मापाने बांधला तर तो टेबलाचा मोठा भाग गिळतो आणि त्या हिशेबाने गावाएवढा ठरतो. मग काय गाळायचं? गोठ्याची लांबी अर्धी करता येते. घराच्या खिडक्या कमी चालतात. रस्त्याकडचं फाटक, कोठार आणि अंगण गेलं तर मात्र तो ला ए सँत राहत नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवत नाही, पण त्यांचाही मावळा महादरवाज्याहून उंच असतो आणि कुणाचं काही अडत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा माणूस म्हणजे कॅप्टन विल्यम सायबोर्न. वॉटर्लूचा अचूक देखावा करायचा म्हणून 1830 मध्ये तो ला ए सँतमध्येच आठ महिने राहिला आणि आसपासची जमीन मोजत हिंडला. एका मैलाला नऊ फूट हे त्याचं प्रमाण. 1833 मध्ये सरकारने पैसे थांबवले, तरी त्याने पदरमोड करून काम रेटलं. 1838 मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये देखावा मांडला, तेव्हा त्यात 70,000 हून जास्त इवले सैनिक होते. आज तो तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. काम थोर आहे, यात वाद नाही. पण त्यात एकही शिपाई हलवायचा नाही. हलवायचं म्हटलं की छप्पर उचलता यायला हवं, आत बोटं शिरायला हवीत, कोठाराच्या जमिनीवर आठ-दहा चकत्या मावायला हव्यात. म्हणून खेळातल्या घराचं छप्पर कधी चिकटवत नाहीत. पाख्यांना आतून पट्ट्या लावून ते भिंतींवर नुसतं बसवतात.

भिंतींसाठी 5 मिलिमीटरचा फोमबोर्ड, म्हणजे दोन कागदांमध्ये फोमचा थर. त्याचा एका बाजूचा कागद सोलला की उघड्या फोमवर बोथट पेन्सिलीने विटा कोरता येतात. दगडी बांधकामाला दाट, निळा किंवा गुलाबी एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन बरा. आपल्या थर्मोकोलसारखे त्याचे दाणे सुटत नाहीत. अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा त्यावर दाबून फिरवला की दगडाचा खडबडीतपणा उमटतो. हा फोम तापल्या तारेने लोण्यासारखा कापला जातो. 2018 च्या थर्मोकोल-बंदीआधी मुंबई-पुण्यात गणपतीची मखरं करणाऱ्यांच्या हाती हीच तार असायची. धूर चांगला नसतो, खिडकी उघडी ठेवावी.

कौलांना खाऊच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा लागतो. पट्ट्या कापायच्या, त्यांना चिरा द्यायच्या आणि खालून वर, एकीवर एक अशा चढवत न्यायच्या. शाकारलेलं छप्पर हवं असेल तर जुना टॉवेल पांढऱ्या गोंदात बुडवून लावतात आणि ओला असतानाच कंगव्याने उभा विंचरतात. वासे आइस्क्रीमच्या काड्यांचे, गिलावा भिंती भरायच्या लांबीचा.

रंगाआधी गोंद आणि काळा रंग कालवून सगळ्याला एक हात द्यावाच लागतो. तो न देता डब्यातला स्प्रे मारला, तर त्यातलं द्रावक फोम खाऊन टाकतं आणि महिन्याभराच्या भिंतीला भोकं पडतात. पुढे करडा रंग, मग पाणीदार तपकिरी, जो खाचांत जाऊन बसतो. शेवटी कुंचला फडक्यावर जवळजवळ कोरडा करून फिकट रंग नुसता वरवर फिरवायचा, म्हणजे कडा उजळतात. टेबलावरचं घर तीन फुटांवरून बघायचं असल्याने हा भडकपणा खपतो, किंबहुना लागतोच. जवळून बघून नाक मुरडणाऱ्यांनी खेळायला बसावं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत लेझरने कापलेले एमडीएफचे संच आले, पाठोपाठ थ्री-डी प्रिंटर आला. प्रिंटरचा वाडा कोपऱ्या-कोपऱ्यात नेमका असतो आणि रात्रभरात तयार होतो. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. वीस घरांचं गाव हवं असेल तर मीही छापूनच घ्या म्हणेन. पण तयार कोठाराला दरवाजा असला, तर बहुतेक जण तो लावून टाकतात, कारण तो डब्यात असतो. स्वतः बांधणाऱ्याला आधी वाचावं लागतं. 18 जूनच्या सकाळी तिथे दार नव्हतं हे कळलं की तो भोक तसंच ठेवतो, बाजूला बिजागऱ्यांचे दोन तुकडे चिकटवतो, आणि खेळात फ्रेंच बाजूला बसलेला गडी पहिल्याच चालीत आपली सगळी पलटण तिकडे वळवतो.