विश्लेषण : पुराचा इशारा फॅमिली डॉक्टरकडून आला तर?

पुण्यातील सिंहगड रस्ता परिसराने सहा महिन्यांच्या अंतराने दोन संकटे पाहिली. जुलै २०२४ मध्ये पूर आला आणि जानेवारी २०२५ मध्ये गुलेन बॅरी सिंड्रोम अर्थात जीबीएसचा उद्रेक झाला. पुराच्या वेळी धोक्याची माहिती घरांपर्यंत पोहोचण्यात कमी पडली. जीबीएसच्या वेळी ती डॉक्टरांकडून प्रशासनापर्यंत गेली. परिसरातील दवाखाने, औषध दुकाने आणि आशा सेविकांचे जाळे आपत्तीच्या इशाऱ्यासाठी वापरता येईल का, याचा हा आढावा.

२५ जुलै २०२४ रोजी काय घडले?

धरणक्षेत्रात मुसळधार पाऊस झाल्याने २५ जुलैच्या पहाटे खडकवासला धरणातून मुठा नदीत सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडण्यात आले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे नदीत दर सेकंदाला जवळपास १० लाख लिटर पाणी येत होते. धरणापासून सुमारे १० किलोमीटरवर असलेल्या एकतानगरी, निंबजनगर परिसरातील सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरले. रहिवाशांना बाहेर काढण्यासाठी अग्निशमन दलासह लष्कराची मदत घ्यावी लागली. त्याच पहाटे डेक्कन परिसरातील पुलाची वाडी येथे विजेच्या धक्क्याने तिघांचा मृत्यू झाला.

वेळेत इशारा मिळाला नाही, अशी अनेक रहिवाशांची तक्रार होती. पुण्याला हा अनुभव नवा नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराची आठवण आजही घराघरांत निघते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने लोकांना सावरायलाही वेळ दिला नाही.

मोबाइलवरचा इशारा पुरेसा का नाही?

आता तंत्रज्ञान आहे. २०२३ मध्ये देशाच्या विविध भागांतील मोबाइल मोठ्या आवाजात वाजले होते, ती ‘सेल ब्रॉडकास्ट’ यंत्रणेची चाचणी होती. यात ठरावीक भागातील मोबाइल टॉवरवरून तेथील सर्व फोनवर एकदम संदेश जातो. कोणाचाही नंबर लागत नाही आणि एसएमएससारखी कोंडी होत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ॲपही इशारे देते.

मात्र संदेश पोहोचणे आणि माणूस हलणे यात अंतर आहे. ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ असे वाचून आपल्या इमारतीत पाणी येईल की नाही, हे कळत नाही. पहाटे अनेकांचे फोन बंद असतात. शिवाय सर्वाधिक धोका ज्यांना असतो, ते अंथरुणाला खिळलेले ज्येष्ठ, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेले रुग्ण किंवा दिवस भरलेली गर्भवती संदेश वाचूनही एकट्याने बाहेर पडू शकत नाहीत. त्यांच्या दारात कोणीतरी जावे लागते. कोणत्या दारात जायचे, हे परिसरातील डॉक्टर, औषध दुकानदार आणि आशा सेविका यांना ठाऊक असते.

जीबीएसच्या वेळी काय वेगळे झाले?

जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. हातपाय लुळे पडतात, काहींना व्हेंटिलेटर लागतो. वर्षाला लाखभर लोकांमागे एखाद-दुसराच रुग्ण आढळतो. त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये रुग्णालयांत एकाच भागातून असे रुग्ण येऊ लागले, तेव्हा तेथील डॉक्टरांना शंका आली. त्यांनी महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. संशय पाण्यावर गेला. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत सर्वेक्षण सुरू झाले. उद्रेकात संशयितांसह रुग्णसंख्या २०० च्या वर गेली.

यातला महत्त्वाचा धडा वेळेचा आहे. जीबीएस बहुतेकदा जुलाब किंवा तापानंतर एक ते तीन आठवड्यांनी होतो. म्हणजे मोठ्या रुग्णालयात अर्धांगवायूसारखी लक्षणे दिसण्याआधी पोट बिघडलेले रुग्ण गल्लीतल्या दवाखान्यात येऊन जाऊ शकतात. ‘या आठवड्यात एकाच वस्तीतून जुलाबाचे रुग्ण जास्त आहेत’ ही नोंद त्याच वेळी वर गेली, तर पाण्याची तपासणी काही दिवस आधी होऊ शकते.

केरळमध्ये मे २०१८ मध्ये असे घडले होते. कोझिकोडमधील एका रुग्णालयात एकाच कुटुंबातील व्यक्तींमध्ये सारखी लक्षणे दिसताच डॉक्टरांनी नमुने तपासणीला पाठवले आणि निपाहचे निदान लवकर झाले.

डॉक्टरांकडील माहिती वर कशी जाते?

त्यासाठी २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. त्यात तीन प्रकारच्या नोंदी असतात. आरोग्य कर्मचारी केवळ लक्षणांची नोंद करतात, डॉक्टर संशयित निदानाची आणि प्रयोगशाळा खात्रीच्या निदानाची. २०२१ पासून या नोंदी देशपातळीवरील एका ऑनलाइन मंचावर भरल्या जातात. सरकारी केंद्रे यात आहेत. खासगी दवाखाने मात्र पूर्णपणे जोडले गेलेले नाहीत आणि शहरात बहुतांश लोक ताप-जुलाबासाठी आधी तिथेच जातात.

उलट दिशेने ही साखळी वापरता येईल का?

येईल, आणि त्यासाठी नवीन यंत्रणा उभारण्याची गरज नाही. महापालिकेच्या आपत्ती कक्षाकडे नदीकाठच्या प्रत्येक भागातील दवाखाने, औषध दुकाने आणि आशा सेविकांची यादी हवी. विसर्ग वाढणार असल्याचे कळताच त्यांना थेट फोन जावा. त्यांनी आधीच ठरवलेल्या आठ-दहा घरांना कळवावे आणि कोणाला उचलून न्यावे लागेल, हे कक्षाला सांगावे.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात एका आशा सेविकेकडे साधारण २०० ते ५०० घरे असतात. ५० ते १०० घरांमागे महिला आरोग्य समितीची तरतूद आहे. हे जाळे प्रामुख्याने वस्त्यांसाठी आहे. सोसायट्यांमध्ये फॅमिली डॉक्टर आणि कोपऱ्यावरचे मेडिकल दुकान ती जागा घेऊ शकतात.

दुसरा उपयोग अफवा रोखण्याचा. जीबीएसच्या वेळी चिकन खावे की नाही, यावर व्हॉट्सॲपवर चर्चा रंगली. ‘पाणी उकळून प्या, मांस नीट शिजवा’ हे नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितले की लोक ऐकतात. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसबाबतही तेच. साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर ताप आला तर अंगावर काढू नये, हे दवाखान्यातूनच सांगितले जाऊ शकते.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण गोपनीयतेची. रुग्णांची यादी संमतीशिवाय कोणाला देता येत नाही. त्यामुळे नाव नोंदवायचे की नाही, हे कुटुंबाने ठरवायला हवे. दुसरी, कामाच्या बोज्याची. आशा सेविकांकडे आधीच अनेक सर्वेक्षणे आहेत, त्यात मोबदल्याविना आणखी एक काम टाकणे योग्य नाही. तिसरी, नदीकाठचा दवाखाना स्वतःच पाण्यात जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक भागात पर्यायी व्यक्ती हवी. चौथी, जबाबदारीची. इशारा देणे हे सरकारचेच काम आहे. डॉक्टर तो पोहोचवू शकतात, पण कधी द्यायचा हे ते ठरवू शकत नाहीत.

आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापता येते. पुण्यात अशा प्राधिकरणाच्या आराखड्यात दवाखान्यांना जागा मिळाली, तर ही साखळी कागदावर येईल.

घरी आज काय करता येईल?

पावसाळ्यापूर्वी फॅमिली डॉक्टरांना घरातील आजारी व्यक्तीबद्दल आणि घर कोणत्या मजल्यावर आहे, हे सांगून ठेवावे. प्रिस्क्रिप्शनचा फोटो घरातील दोन जणांच्या फोनमध्ये असावा. आठवडाभराची औषधे वरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत. वीज गेल्यास ऑक्सिजन यंत्र किती वेळ चालेल आणि इन्सुलिन कसे ठेवायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७ हे क्रमांक घरातील ज्येष्ठांनाही दिसतील अशा ठिकाणी, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. आणि शेजारच्या आजी-आजोबांना पहाटे उठवायला कोण जाणार, हे सोसायटीच्या पुढच्या बैठकीतच ठरवावे.