चौकोन सगळ्यांचे, शिवण कुणाची?

‘आठ इंचांचा चौकोन विणून आणा’ असं दहा जणींना सांगितलं, की टेबलावर दहा मापं येतात. लोकर एकच, सुया एकाच नंबरच्या, टाके मोजून दिलेले, तरी कुणाचा चौकोन साडेसातवर थांबतो आणि कुणाचा नऊला टेकतो. ह्यात चूक कुणाचीच नसते. कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल. शिवाय एकाच बाईचा हात वर्षभर एकसारखा राहत नाही. मुलाची दहावी असली की फेब्रुवारी-मार्चमध्ये आई घट्ट विणते, आणि मे महिन्यात तिचेच टाके ऐसपैस होतात. हे मी इतक्या जणींच्या बाबतीत पाहिलंय, की आता चौकोन हातात घेतला की घरात काय चाललंय ह्याचा थोडा अंदाज येतो.

पुण्यात तुळशीबागेच्या आसपासच्या एका लोकरीच्या दुकानात मी काउंटरच्या आतल्या बाजूला असते. बाहेरून येणाऱ्याला रंगांनी भरलेले कप्पे दिसतात. आत, मालाच्या गोण्यांच्या पलीकडे, एक लांब टेबल आहे. आठवड्यातून एका दुपारी तिथे बायका जमतात आणि सगळ्यांनी मिळून करायची कामं तिथे होतात. कधी कुणाच्या मुलीच्या रुखवतासाठी तोरण, कधी दान द्यायच्या टोप्या, कधी पांघरूण. ती वस्तू पूर्ण झाली की फोटो निघतो, कौतुक होतं. त्या फोटोत जे कधीच येत नाही, त्याबद्दल मला लिहायचंय.

पांघरुणाचाच हिशेब घ्या. आठ इंचांचे सहा आडवे, आठ उभे असे ४८ चौकोन लागतात. एकेक चौकोन कुणीही हौसेनं चार संध्याकाळींत विणतं. पण ते जोडायचे म्हणजे ५५ फुटांच्या आसपास शिवण होते. प्रत्येक चौकोनाला निदान दोन शेपट्या, म्हणजे धाग्याची मोकळी टोकं. काठ घातला की आणखी दोन. एका पांघरुणात जवळपास दोनशे टोकं सुईनं आत दडवायची. हे काम करायला चार-पाच जणीच राहतात, आणि त्या दरवेळी त्याच असतात.

मापाची गोम काही वर्षांपूर्वी एका काकांनी सोडवली. ते नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. पत्नीला सोडायला यायचे आणि बाहेर उभे राहायचे. एके दिवशी आत आले, वेडेवाकडे चौकोन पाहिले, आणि पुढच्या खेपेला पुठ्ठ्याचा नेमका आठ इंचांचा साचा कापून घेऊन आले. तेव्हापासून प्रत्येक चौकोन त्या साच्यावर ठेवला जातो. खऱ्या लोकरीचा असेल तर तो ओला करून, टाचण्या लावून, ताणून वाळवला की माप धरतो. पण आपल्याकडे ‘लोकर’ म्हणून जी विकली जाते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक, आणि अ‍ॅक्रिलिक पाण्याला दाद देत नाही. इस्त्री करायला जावं तर टाक्यांतला जीवच जातो, वीण लोळागोळा होते. म्हणून लहान चौकोनाभोवती क्रोशाच्या सुईनं मुक्या खांबांच्या दोन ओळी घालायच्या, मध्यमाला एक, मोठ्याला नुसती साखळी. तयार पांघरुणावर तो काठ नक्षीसारखा दिसतो आणि बघणारे ‘किती सुंदर कल्पना’ म्हणतात. ती कल्पना घट्ट हात आणि सैल हात ह्यांच्यातला समेट आहे, हे टेबलावरच्यांनाच ठाऊक असतं.

तुकडे घरोघरी विणून एकत्र जोडायची ही पद्धत पुण्यात जन्मलेली नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉसॉ गावी एव्ही रोझेन ह्यांचं लोकरीचं दुकान होतं. बेघर माणसांना पांघरुणं द्यावीत असं त्यांच्या मनात आलं. पण अख्खं पांघरूण विणायला कुणाकडे सवड असणार? म्हणून त्यांनी सात बाय नऊ इंचांचा तुकडा मागितला. असे ४९ तुकडे जोडले की एक पांघरूण. १९९१ साली सुरू झालेलं ‘वॉर्म अप अमेरिका’ ते हेच. मला त्यात सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हे, की तुकडे मागतानाच ते जोडायचे कुणी ह्याची सोय त्यांनी लावली होती. आपल्याकडे चेन्नईच्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ ह्या गटानं जानेवारी २०१६ मध्ये ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण करून गिनीज बुकात नाव नोंदवलं. आकडा वाचून लोक थक्क होतात. मला मात्र ते विणणाऱ्यांइतक्याच जमिनीवर बसून जोडणाऱ्या बायका दिसतात.

दुकानाच्या आतलं आणखी एक गुपित म्हणजे लॉट. लोकरीच्या लेबलवर शेड नंबरच्या शेजारी लॉट नंबर असतो. रंग एकच, पण रंगाई वेगवेगळ्या खेपेला झालेली. ट्यूबलाइटखाली दोन्ही गुंडे जुळे वाटतात, उन्हात धरले की स्वेटरच्या छातीवर सरळ पट्टा दिसतो. त्यामुळे काउंटरखाली एक कप्पा कायम भरलेला असतो. चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्या. ‘धायरीच्या ताई, मरून, चार गुंडे’, ‘बारशाचा सेट, पिस्ता, दोन’. पैसे न देता राखून ठेवलेला माल. व्यापाराच्या दृष्टीनं तो अडकलेला पैसा, पण तो कप्पा रिकामा केला तर गिऱ्हाइकाचं काम निम्म्यावर अडकतं. एकदा रुखवतातल्या मोठ्या रुमालासाठी सहा जणी सहा घरी विणत होत्या आणि शेवटी पांढरा धागाच कमी पडला. पांढऱ्यालाही लॉट असतो, हे अनेकांना खरं वाटत नाही. नव्या लॉटचा धागा शेवटच्या ओळीत न वापरता मधल्या एका आड एक फेऱ्यांत घातला, तेव्हा कुठे तो फरक नक्षीत मिसळला.

आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त वाद झाले ते ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या कपड्यांवरून, आणि ते वाद होणं फार गरजेचं होतं. दसरा-दिवाळीनंतर बीड, नगरकडच्या टोळ्या कारखान्यांच्या भागात उतरतात. थंडीचे महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत काढतात. पहाटे अंधारात आईबाप फडात जातात आणि पोरं सोबत. पहिल्या बैठकीत सगळ्यांनी आपापले आवडते रंग सुचवले. मोतिया, फिकट गुलाबी, आकाशी. मग आमच्यातल्या एक जण, ज्यांचं माहेर कारखान्याच्या गावचं, त्या म्हणाल्या, आधी जाऊन विचारून येऊ. त्या कोपीवरच्या बायकांशी बोलून आल्या आणि यादीच बदलली. पाणी लांबून आणावं लागतं, तेव्हा रंग गडद हवा. बटणं नकोत, तुटली की परत कोण लावणार. कुणाच्या मुलाचं वय काय हे आधी कळत नाही, म्हणून टोपी दोन सुलट, दोन उलट अशा विणीची हवी. ती ताणते, एका मापात तीन वर्षांचं आणि सात वर्षांचं अशी दोन्ही डोकी बसतात. स्वेटर गळ्याकडून खाली विणायचा, म्हणजे पुढच्या हंगामात खालची कड उसवून चार बोटं लांबी वाढवता येते.

आणि चूल. कोपीत नाहीतर तिच्या तोंडाशीच चूल पेटलेली असते. अ‍ॅक्रिलिक पेटतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं. शुद्ध लोकर सहज पेट घेत नाही, पण ती महाग, आणि गरम पाण्यात चोळून धुतली की आटून नमद्यासारखी होते. ह्यावर दोन दुपारी नुसती चर्चा झाली. शेवटी ठरलं की लोंबणारं काहीही द्यायचं नाही. मफलर नाही, गोंडे नाहीत, टोपीला बांधायच्या दोऱ्या नाहीत, बाह्यांना घेर नाही. अंगाला बसणारे कपडे तेवढे. काही जणींना गोंड्याशिवाय टोपी ओकीबोकी वाटली आणि त्या नाराज झाल्या. नाराजी राहिली, गोंडे मात्र गेले. मला तो निर्णय आजही पूर्ण पटतो.

महाराष्ट्राची स्वतःची लोकर ह्या सगळ्यात कुठे आहे, असं कुणी विचारतं. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, ती अंगालगतच्या कपड्याला चालत नाही. तिची जागा घोंगडीत. चिंचोक्याची खळ दिलेली ती घोंगडी थंडी-पाऊस झेलते आणि तिच्यापुढे आमच्या रंगीत पांघरुणांनी मान तुकवावी.

टेबलाचं एक टोक गप्पांचं, दुसरं थोडं शांत. त्या टोकाला सुती धागा आणि बारीक सुया असतात. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया झालेल्या बायकांसाठी तिथे विणलेले स्तन तयार होतात. बाजारात मिळणारे सिलिकॉनचे जड, उन्हाळ्यात घाम आणणारे, आणि अनेकींना न परवडणारे असतात. अमेरिकेतल्या बेलिंगहॅमच्या बार्ब डेमोरेस्ट ह्यांना २०११ मध्ये हा आजार झाला. मैत्रिणीनं त्यांच्यासाठी असे स्तन विणून दिले आणि त्यातून हे काम जगभर पसरलं. भारतातही विणून मोफत देणाऱ्या बायका आहेत. लोकर इथे अजिबात चालत नाही. व्रणावर मऊ सूतच हवं. चार-पाच सुयांवर गोल विणायचं, म्हणजे शिवण येत नाही आणि टोचत नाही. मागच्या बाजूला दोऱ्यानं आवळता येणारं तोंड ठेवायचं, म्हणजे आतला कापूस जिला हवा तसा कमी-जास्त करता येतो. वापरायला कधी सुरुवात करायची ते डॉक्टरांना विचारूनच.

हे न्यायला येणारी बाई बहुधा आधी मोज्यांची लोकर विचारते. मग जराशी थांबते. दुकानात त्या वेळी पाच-सहा गिऱ्हाइकं असतात. आमच्याकडे त्यासाठी काही खूण ठरलेली नाही, पण काउंटरवरची प्रत्येक जण ते थांबणं ओळखते. ‘ताई, आत या, रंग दाखवते,’ एवढंच म्हणते. आत गेल्यावर आरसा आहे, दार लागतं, घाई नसते. बाहेर येताना हातात लोकरीची रोजची पिशवी असते. गेल्या वर्षी अशाच एक मावशी पुढच्या आठवड्यात परत आल्या आणि त्याच टोकाला बसून विणायला शिकल्या. आता तोंड आवळायचं काम त्याच करतात, कारण दोरा कुठे टोचतो हे आमच्यात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

नवजात अर्भकांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस करायची लाटही आली होती. डेन्मार्कमध्ये २०१३ च्या सुमारास ती सुरू झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला त्या पायांत नाळेसारखं काही हाताशी लागतं, अशी त्यामागची समजूत. नियम मात्र कडक आहेत. शुद्ध सूत, ६० अंशांवर धुता येणारं, आणि पाय ताणून २२ सेंटिमीटरहून लांब नकोत, नाहीतर बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळले जाण्याचा धोका. आम्ही आधी एका रुग्णालयात विचारलं, त्यांनी संसर्गाच्या काळजीनं नको सांगितलं आणि त्याऐवजी टोप्या मागितल्या. बत्तीस आठवड्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर तीस सेंटिमीटरही नसतो. घरच्या बारशाच्या मापानं विणलेली टोपी त्याच्या नाकावर येते. मग काकांनी त्यासाठीही साचा कापला.

एक प्रसंग मात्र मनातून जात नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी आमच्यात आहेत. १९६२ च्या युद्धात शाळकरी वयात त्यांनी जवानांसाठी स्वेटर विणले होते, तेव्हा घराघरांत तेच चाललेलं. आता हात थरथरतात, टाके सुटतात. एका पांघरुणात त्यांचे तीन चौकोन आले आणि प्रत्येकात भोकं. एक जण म्हणाली, गुपचूप उसवून मी नव्यानं विणते, त्यांना कळणारही नाही. दुसरी म्हणाली, हे फसवणं झालं. मी दुसरीच्या बाजूची. आपल्या हाताची वीण माणसाला ओळखू येते. आजींना सांगितलं, की काही टाके निसटलेत, धरून घेते. त्या म्हणाल्या, धर. सुटलेला टाका क्रोशाच्या सुईनं वर चढवला, त्याच रंगाच्या धाग्यानं मागून बांधला, आणि ते तिन्ही चौकोन पांघरुणाच्या मधोमध लावले. कडेला सगळ्यात जास्त ओढ बसते, मध्ये कमी. तिथे ते टिकतात.

कधी कुणी सुयांसकट अर्धवट स्वेटर घेऊन येतं. विणणारी आई गेलेली असते. अमेरिकेत मेसी कॅप्लन आणि जेन सिमॉनिक ह्यांनी २०२२ मध्ये ‘लूज एंड्स’ नावानं अशी अपुरी कामं पुरी करून देणाऱ्यांचं जाळं उभं केलं. आमच्याकडे ते नाव न घेता होतं. लॉट बहुधा मिळत नाही. बाही वेगळ्या रंगाची होते आणि घरच्यांना ती तशीच हवी असते.

तुमच्या गावच्या दुकानात असं टेबल असेल तर तिथे तुमची गरज आहे. चौकोन विणणार असाल तर शेपटी वीतभर तरी लांब ठेवा, लेबल फेकू नका, आणि कुणासाठी विणताय त्यांना आधी विचारा. टोळ्या निघायच्या आत कपडे तयार हवेत, म्हणून आषाढातच सुरुवात करा. विणकाम येत नसेल तरीही या. बोथट सुईत धागा ओवता आला की जोडकाम जमतं, आणि नेमके तिथेच हात कमी पडतात.