सिद्ध झालेली मक्तेदारी आणि तीन डॉलरची भरपाई : युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीगचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ भारतातील फुटबॉलहून भिन्न आहे. अंडाकृती चेंडू हाताने फेकत किंवा कवेत घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत मुसंडी मारणे हे त्याचे स्वरूप होय. या खेळाचे व्यावसायिक क्षेत्र प्रामुख्याने नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजेच एनएफएल, या संघटनेच्या ताब्यात राहिले आहे. तिला आव्हान देण्याचे प्रयत्न वेळोवेळी झाले. १९६० साली मैदानात उतरलेल्या अमेरिकन फुटबॉल लीगला एनएफएलने १९७० पर्यंत आपल्यात सामावून घेतले. १९७४ ची वर्ल्ड फुटबॉल लीग दुसरा हंगामही पूर्ण करू शकली नाही. या परंपरेतील युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग, म्हणजेच यूएसएफएल, १९८३ ते १९८५ असे तीनच हंगाम टिकली. मात्र तिचा इतिहास केवळ क्रीडेपुरता मर्यादित नाही. मक्तेदारी सिद्ध होऊनही तिच्याविरुद्ध दाद मागणाऱ्याच्या पदरी काहीच पडू नये, असे का घडते, या प्रश्नामुळे तो वाणिज्य, विधी व व्यवस्थापन या तिन्ही शाखांच्या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

स्थापनेमागील विचार

या लीगची मूळ कल्पना न्यू ऑर्लिन्स येथील व्यावसायिक डेव्हिड डिक्सन यांची. एनएफएलचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होऊन हिवाळ्यात संपतो. वसंत ऋतूत व उन्हाळ्याच्या आरंभी व्यावसायिक फुटबॉल नसतो; प्रेक्षक मात्र असतो, असे डिक्सन यांचे निरीक्षण होते. त्यांनी प्रतिस्पर्ध्याशी समोरासमोर झुंजण्याऐवजी त्याने मोकळा सोडलेला काळ व्यापण्याचे धोरण मांडले. त्यास त्यांनी काटकसरीची जोड दिली. प्रत्येक संघाने खेळाडूंच्या मानधनावर सुमारे १८ लाख डॉलरपेक्षा अधिक खर्च करू नये आणि प्रेक्षक वाढत जातील तसा विस्तार करावा, अशी त्यांची योजना होती.

११ मे १९८२ रोजी न्यूयॉर्क येथे लीगची घोषणा झाली. इएसपीएन या क्रीडावाहिनीचे प्रमुख राहिलेले चेट सिमन्स पहिले आयुक्त झाले. एबीसी या दूरचित्रवाणी संस्थेने पहिल्या दोन हंगामांसाठी १ कोटी ८० लाख डॉलर, तर इएसपीएनने १ कोटी १० लाख डॉलर देऊ केले. मार्च १९८३ मध्ये बारा संघांनिशी पहिला हंगाम सुरू झाला. सामन्यांना सरासरी सुमारे २५ हजार प्रेक्षक लाभले. जुलैमध्ये डेन्व्हर येथील अंतिम सामन्यात मिशिगन पँथर्सने फिलाडेल्फिया स्टार्सचा २४-२२ असा पराभव केला. वसंतातील फुटबॉलला ग्राहक आहे, हे डिक्सन यांचे गृहीतक पहिल्याच वर्षी बऱ्याच अंशी खरे ठरले.

संयमाचा ऱ्हास

योजनेतील काटकसरीचा भाग मात्र पहिला सामना होण्यापूर्वीच निखळू लागला. महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण न झालेल्या खेळाडूंना करारबद्ध करू नये, असा संकेत असतानाही न्यू जर्सी जनरल्स संघाने फेब्रुवारी १९८३ मध्ये हर्शेल वॉकर या विख्यात महाविद्यालयीन खेळाडूला मोठ्या मोबदल्यावर घेतले. इतर मालकही त्याच मार्गाने गेले. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस एक्स्प्रेसने स्टीव्ह यंग याच्याशी केलेल्या कराराचे एकूण मूल्य ४ कोटी डॉलर असल्याचे जाहीर झाले. त्यातील बहुतांश रक्कम पुढील अनेक दशकांत हप्त्याहप्त्याने द्यावयाची होती. वर्षभरातच त्या संघाच्या मालकाचा आर्थिक डोलारा कोसळला आणि संघाचा भार लीगलाच वाहावा लागला.

विस्तारही असाच घाईने झाला. दुसऱ्याच हंगामात संघांची संख्या बारावरून अठरावर गेली. नव्या मालकांनी भरलेल्या प्रवेशशुल्कामुळे जुन्या मालकांचा तोटा तात्पुरता भरून निघत होता. परंतु प्रेक्षक आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न त्या प्रमाणात वाढले नाही.

हंगामबदलाचा निर्णय

१९८३ च्या हंगामानंतर जनरल्सची मालकी डोनाल्ड ट्रम्प या बांधकाम व्यावसायिकाकडे आली. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले ट्रम्प हे शरद ऋतूत, म्हणजे एनएफएलच्याच हंगामात, खेळण्याचे आग्रही पुरस्कर्ते होते. एनएफएलशी विलीनीकरण घडून आल्यास संघांचे मूल्य अनेक पटींनी वाढेल, ही अपेक्षा या भूमिकेमागे होती. अमेरिकन फुटबॉल लीगचे उदाहरण समोर होतेच. टॅम्पा बे बँडिट्सचे मालक जॉन बॅसेट यांनी तीव्र विरोध केला. लीगने नेमलेल्या मॅकिन्झी या सल्लागार संस्थेनेही वसंतातच राहण्याचा सल्ला दिला. तो डावलून ऑगस्ट १९८४ मध्ये मालकांनी १९८६ पासून शरदात खेळण्याचा ठराव केला.

या ठरावाचे परिणाम तत्काळ दिसले. ज्या शहरांत एनएफएलचे संघ होते तेथे एकाच काळात दोन संघ तगणे अवघड होते. पहिले विजेते मिशिगन पँथर्स ओकलंडच्या संघात विलीन झाले. १९८४ चे विजेते फिलाडेल्फिया स्टार्स बाल्टिमोरचे नाव घेऊन स्थलांतरित झाले. पिट्सबर्गचा संघ बंद पडला. १९८५ मध्ये चौदाच संघ उरले. स्टार्सनी पुन्हा अजिंक्यपद मिळवले. तथापि ज्या शहरात त्यांचा प्रेक्षकवर्ग घडला होता ते शहर मागे राहिले होते.

न्यायालयीन लढा

ऑक्टोबर १९८४ मध्ये यूएसएफएलने न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयात एनएफएलविरुद्ध दावा दाखल केला. १८९० च्या शर्मन कायद्यानुसार मक्तेदारी निर्माण करणे वा अनुचित मार्गाने टिकवणे बेकायदा आहे. एबीसी, सीबीएस व एनबीसी या तिन्ही प्रमुख दूरचित्रवाणी संस्थांशी करार करून एनएफएलने प्रतिस्पर्ध्याचा मार्ग रोखला, असा मुख्य आरोप होता. ४४ कोटी डॉलर नुकसानीचा दावा करण्यात आला. अशा दाव्यांत भरपाई तिप्पट होत असल्याने ती १३२ कोटींवर गेली असती.

मे १९८६ मध्ये सुनावणी सुरू झाली. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९८४ मध्ये एनएफएलच्या अधिकाऱ्यांसमोर नव्या लीगवर मात करण्याच्या उपायांविषयी केलेले सादरीकरण पुराव्यात आले. दुसरीकडे, विलीनीकरणाच्या हेतूनेच हंगाम बदलल्याचे दर्शवणारी यूएसएफएलची अंतर्गत कागदपत्रेही समोर आली. २९ जुलै १९८६ रोजी ज्यूरीने निर्णय दिला. एनएफएलने मक्तेदारी बेकायदा रीतीने मिळवली वा टिकवली, हे मान्य झाले. दूरचित्रवाणीविषयक आरोप मात्र फेटाळले गेले आणि नुकसानभरपाई ठरली एक डॉलर. तिपटीने तीन डॉलर.

या निर्णयात विसंगती भासते. पण कायद्याच्या दृष्टीने येथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. प्रतिपक्षाने कायदा मोडला का, हा पहिला. वादीचे नुकसान त्यामुळेच झाले का, हा दुसरा. बेसुमार मानधन, घाईचा विस्तार आणि हंगामबदल यांमुळे झालेला तोटा मक्तेदारीमुळे झालेल्या तोट्यापासून वेगळा काढता येत नसेल, तर नाममात्र भरपाई देण्याची मुभा ज्यूरीला होती. मार्च १९८८ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय कायम केला. प्रेक्षकांकडून न मिळालेले यश न्यायालयाच्या आदेशाने मिळवता येणार नाही, असाच त्या निकालपत्राचा आशय होता. दावा अंशतः सिद्ध झाल्याने एनएफएलला वादीच्या वकिलांचे ५५ लाख डॉलरहून अधिक शुल्क भरावे लागले. लीगच्या हाती मात्र व्याजासह ३.७६ डॉलरचा धनादेश आला. निकालानंतर आठवडाभरातच १९८६ चा हंगाम स्थगित करण्यात आला होता. तो पुन्हा कधीच भरला नाही.

समारोप

यूएसएफएलचा वारसा नगण्य नाही. जिम केली, रेगी व्हाइट व स्टीव्ह यंग हे तिच्यात कारकीर्द सुरू करणारे खेळाडू पुढे एनएफएलमध्ये थोर ठरले. तिच्यात रूढ असलेला दोन गुणांच्या रूपांतराचा नियम एनएफएलने १९९४ मध्ये स्वीकारला आणि त्याच वर्षी मानधनखर्चावर मर्यादाही घातली. २०२२ मध्ये त्याच नावाने वसंत ऋतूतच नवी लीग सुरू झाली व २०२४ मध्ये ती युनायटेड फुटबॉल लीगमध्ये विलीन झाली.

या इतिहासातून मक्तेदारीविरोधी कायद्याची मर्यादा स्पष्ट होते. हा कायदा स्पर्धेला संरक्षण देतो, स्पर्धकाच्या चुकांना नव्हे. वसंत ऋतूत एनएफएलशी थेट संघर्ष नव्हता. तेथे लीगपुढे असलेले प्रश्न खर्चाचे व संयमाचे, म्हणजे तिच्या स्वतःच्या हातातले होते. ते सोडवण्याऐवजी मालकांनी ती मोकळी भूमी सोडली आणि जेथे एनएफएल सर्वांत बलिष्ठ होती तेथे आपले भवितव्य न्यायालयाच्या स्वाधीन केले. एनएफएलचा दोष खरा होता. परंतु लीगच्या अंताचे मुख्य कारण तो दोष होता, हे सिद्ध करणे तिला शक्य झाले नाही.