दिवसभर राबणाऱ्या मानेला व्यायाम कशाला?

‘दिवसभर बांधीत वाकून रोवणी करतो, धानाचे भारे डोक्यावर वाहतो. त्यावर आणखी व्यायाम कसला?’ मान दुखते म्हणून फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, की गोंदिया जिल्ह्यातला कष्टकरी माणूस असं विचारणारच. या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं. ते न देता हातात व्यायामाच्या चित्रांचा कागद ठेवला, तर तो घरी जाऊन खुंटीला लागतो.

रोवणी करणाऱ्या बाईकडे नीट पाहा. एका हातात पऱ्ह्यांची जुडी, दुसऱ्या हाताची बोटं चिखलात, कंबर वाकलेली आणि डोकं पुढे लोंबतं. माणसाचं डोकं साधारण 5 किलोचं असतं. ते सावरून धरायचं काम मानेच्या मागच्या स्नायूंकडे येतं आणि तासन् तास सुटत नाही. बिडी वळणारीचंही तसंच. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात तेंदूपान आणि नजर बोटांवर खिळलेली. मान हलत नाही, पण तिला विसावाही नाही. यात तेच ते स्नायू ताणून धरले जातात. गळ्याच्या आतले, कण्याला लागून असलेले स्नायू आणि खांद्याची पाती मागे धरणारे स्नायू मात्र फारसे कामाला लागत नाहीत.

व्यायामाचा रोख नेमका या दुसऱ्या गटावर असतो. शिवाय तो थोडा थोडा वाढवायचा असतो आणि मध्ये विश्रांती घ्यायची असते. शेतात ती मोजदाद आपल्या हाती नसते. पाऊस आला की रोवणी उरकावीच लागते. आणि व्यायामाला वेळही फार लागत नाही. डेन्मार्कमध्ये मान-खांदा वारंवार दुखणाऱ्या 198 जणांवर झालेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. रबरी पट्टा ताणून खांद्याचा व्यायाम काहींनी रोज 2 मिनिटं केला, काहींनी 12 मिनिटं. 10 आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं. ती माणसं कचेरीत बसणारी होती, चिखलात उभी राहणारी नव्हती, हे ध्यानात ठेवूनही ‘वेळच मिळत नाही’ या सबबीत फारसा दम उरत नाही.

नमुन्यादाखल एक व्यायाम. उताणं झोपा, डोक्याखाली पातळ घडी ठेवा. डोकं न उचलता, कुणाला हळूच होकार द्यावा इतकीच हनुवटी गळ्याकडे आणा. पाच-सात सेकंद धरा, सोडा, दहा वेळा करा. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताठ उभ्या राहिल्या तर जोर जास्त होतोय. दिसायला हे अगदीच किरकोळ वाटतं आणि त्यामुळेच लोक दोन दिवसांत सोडून देतात. फरक कळायला काही आठवडे लागतात.

आता फोटोबद्दल. एक्स-रे किंवा एमआरआय झाला, की ‘मणक्यात गॅप आली’, ‘गादी सरकली’ हे शब्द घरभर होतात आणि माणूस मान वळवायलाच घाबरतो. जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या 1211 लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा 87.6 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. विशीतल्यांमध्येही बहुतेकांची हीच गत होती. म्हणजे फोटोत दिसलं तेच दुखण्याचं कारण, असं धरून चालता येत नाही. केस पिकावेत तशा वयाबरोबर गाद्याही झिजतात.

याच भीतीतून गळ्यात पट्टा (कॉलर) येतो. अपघातानंतर किंवा ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितला असेल तर तो घालायलाच हवा. पण साध्या दुखण्यात महिनोन् महिने पट्टा बांधून फिरलं, तर स्नायू आळसावतात, मान आखडते आणि पट्टा काढला की जास्तच दुखते. मान धरली असेल तर एक-दोन दिवस जड काम टाळावं. पण दुखणं सोसेल इतकी ती हलवत राहावी.

फिजिओथेरपी म्हणजे शेक, करंट आणि मालिश, ही समजूत काही दवाखान्यांनीच पोसली आहे. मशीनने तात्पुरता आराम पडतो, तो नाकारायचं कारण नाही. पण देवरी किंवा सालेकशाहून रोजची मजुरी बुडवून, बसभाडं भरून दहा ‘सिटिंग’ नुसत्या शेकासाठी घ्यायच्या, हा सौदा तोट्याचा आहे. चांगला फिजिओथेरपिस्ट आधी हाताची ताकद, मुंग्या, मानेची हालचाल तपासतो, व्यायाम करवून घेतो आणि पुढचं घरी सोपवतो. मशीनच्या गादीवर झोपवून तो दुसरीकडे निघून गेला, तर व्यायामाचं विचारावं.

मोबाइलबद्दल फिरणारा ‘मान झुकवली की 27 किलोचा भार’ हा आकडा 2014 मधल्या एका संगणकी गणितातला आहे, माणसांवर मोजलेला नाही. खरी अडचण मान झुकण्याची कमी आणि तासभर तशीच राहण्याची जास्त. उशी काढून टाकल्यानेही मान बरी होत नाही. मान धडाच्या रेषेत राहील एवढी उशी हवीच, कुशीवर झोपणाऱ्याला थोडी उंच.

केशकर्तनालयात दाढीनंतर मान कडकन मोडून घेण्याची सवय मात्र खरोखर सोडावी. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधून वर जातात. अचानक पिळल्याने त्यांचं अस्तर फाटून लकवा होऊ शकतो. असं क्वचितच होतं. पण कडकड ऐकण्याच्या सुखासाठी ती जोखीम कशाला?

आणि काही वेळा व्यायामाच्या आधी डॉक्टर गाठायला हवा. हातातून वस्तू निसटणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ही मज्जारज्जूवर दाब आल्याची चिन्हं असू शकतात. दुखण्याबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजनात घट असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. तापात मान ताठ झाली, झाडावरून किंवा गाडीवरून पडून मान दुखावली, अथवा मान-जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब येऊन घाम फुटला, तर मालिशवाला, पट्टा, मशीन सगळं बाजूला ठेवून थेट जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा गोंदियाचं केटीएस रुग्णालय गाठावं. पडलेल्या माणसाची मान मात्र कुणी वळवून पाहू नये. ती आहे तशीच स्थिर धरावी आणि 108 ला फोन लावावा.